मोबाईलवर भजनाची वही टाइप करतोय, पण दुकानात फाईल उघडली की सगळ्या ओळी इकडच्या तिकडं

रहिमतपूरचा_टाळकरी

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, समजून घ्या.

आमच्या भजनी मंडळाची एक जुनी वही आहे, अभंग गौळणी आरत्या भारुडं सगळं त्यात, पानं सुटलीत आणि दोन माणसांना एका वेळी बघता येत नाही. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की ती टाइप करून छोटी पुस्तिका काढायची, आषाढीच्या आधी, कारण आमची माणसं लोणंदपासून पालखीत चालतात आणि वाटेत प्रत्येकाच्या हातात एक पाहिजे. आणि मंडळात तरणा मीच असल्यानं काम माझ्या गळ्यात.

लॅपटॉप नाही. मोबाईलवर वर्ड टाकलंय त्यात टाइप करतोय, काही अभंग म्हाताऱ्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवले ते कॉपी पेस्ट. स्क्रीनवर एकदम देखणं दिसतं, अभंगाचं नाव मधोमध, खाली ओळी, शेवटी आकडा. पण साताऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात फाईल दिली तर त्याच्या कॉम्प्युटरवर नावं कुठंतरी कडेला गेलेली, ओळींमध्ये हे एवढं अंतर, अर्धा अभंग एका पानावर आणि उरलेला पुढच्या, अक्षर पण वेगळंच. दुकानदार म्हणाला परत टाइप करायला लागेल, पानाला एवढे एवढे पैसे. मंडळाची पेटी दुरुस्तीला टाकलीय, पैसे आणायचे कुठनं.

वयस्कर माणसं आहेत म्हणून अक्षर मोठं पाहिजे. मोबाईलवरच नीट करता येईल का, का सोडून देऊ?

पक्या_कोरेगाव

भावा सरळ वहीवर चांगल्या अक्षरात लिही, फोटो काढ, त्याची पीडीएफ कर, विषय संपला. तुझं अक्षर घाण असलं तर गावातल्या एखाद्या पोरीकडनं लिहून घे 😄

कराडची_गुरुजीण

पक्या, पन्नास साठ अभंग हातानं लिहून बघ मग सांग.

टाळकरी दादा, सोडून बिडून काही देऊ नका. मी जिल्हा परिषद शाळेवर आहे, आमच्या घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका मी मोबाईलवरच करते आणि त्या जशाच्या तशा छापून येतात. तुमचं दुखणं काय आहे ते तुमच्या वर्णनावरूनच कळलं, नाव मधोमध आणण्यासाठी तुम्ही स्पेस मारल्यात ना? आणि अभंग पुढच्या पानावर ढकलायला एंटर एंटर एंटर?

मोबाईलवरच्या वर्डमध्ये दोन प्रकारे कागद दिसतो. एक मोबाईल व्ह्यू, त्यात मजकूर तुमच्या स्क्रीनच्या रुंदीला बसवून दाखवतात, तिथं पानच नसतं मुळात. दुसरा प्रिंट लेआउट, त्यात खरं पान दिसतं, अक्षर बारीक दिसतं पण जे दिसतं ते कागदावर येतं. तुम्ही पहिल्यात बसून डोळ्याच्या अंदाजानं स्पेस मारल्या असणार, त्या स्क्रीनपुरत्या मधोमध होत्या. पान रुंद झालं की त्या कडेलाच राहणार. गूगल डॉक्स वापरत असाल तर तिथंही उजवीकडच्या तीन टिंबांत प्रिंट लेआउटचं बटण आहे, ते चालू करूनच काम करा. टाइप करताना बंद ठेवलं तरी चालेल पण मांडणी करताना चालूच पाहिजे.

मधोमध करायचं तर ओळीवर बोट ठेवून अलाइनमेंटचं सेंटर दाबा. वर्डमध्ये होमच्या खाली मिळतं, डॉक्समध्ये वर तो A आणि शेजारी रेघा असलेला आयकॉन आहे तो दाबला की टेक्स्ट आणि पॅराग्राफ असे दोन भाग उघडतात, त्यातल्या पॅराग्राफमध्ये. आणि नवीन पान पाहिजे तर इन्सर्टमधून पेज ब्रेक घाला. मग वर कितीही ओळी वाढवा, खालचा अभंग आपल्या पानाच्या डोक्यावरच राहतो.

आधीच्या स्पेस काढायला हातानं बसू नका. फाइंड अँड रिप्लेसमध्ये जाऊन दोन स्पेस शोधा आणि जागी एक स्पेस टाका, सगळं बदला, परत तेच करा, परत करा, एकही सापडेनासं होईपर्यंत. शेवटी ओळीच्या तोंडाशी एखादी उरते ती मग डोळ्यानं काढायची. व्हॉट्सॲपवरून आणलेल्या मजकुरात ठळक शब्दांच्या दोन्ही बाजूला चांदण्या आल्या असतील त्या पण अशाच शोधून उडवा.

ओळींमधल्या अंतराचं कारण वेगळं आहे. वर्डचा जो नॉर्मल स्टाईल असतो तो प्रत्येक एंटरनंतर आपणहून 8 पॉइंट जागा सोडतो, कारण त्याला वाटतं तुम्ही परिच्छेद लिहिताय. तुमच्या अभंगाची प्रत्येक ओळ त्याच्या लेखी एक परिच्छेद. सगळं सिलेक्ट करा, होममध्ये स्टाईल्समध्ये जा आणि 'नो स्पेसिंग' निवडा, लगेच ओळी जवळ येतात. गूगल डॉक्समध्ये नॉर्मलला ही मधली जागा नसते, म्हणून कवितेसाठी मला डॉक्स बरं वाटतं.

पक्या_कोरेगाव

ताई मानलं तुम्हाला. पण डॉक्सला नेट लागतं ना, रहिमतपुरात रेंजची बोंब

कराडची_गुरुजीण

तीन टिंबांत ऑफलाईन ठेवायची सोय आहे. फाईल ऑफलाईन करून घ्यायची, नेट आलं की आपोआप जुळतं. आणि रहिमतपूरला रेंज चांगली आहे हो, माझं माहेर तिकडचंच.

डीटीपीकाका_सांगली

बाईंनी बरोबर सांगितलंय, त्यात माझी भर. सांगलीत वर्षानुवर्षं डीटीपीच (छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम) केलंय, लग्नपत्रिकेपासून सोसायटीच्या अहवालापर्यंत, तेव्हा थोडं कागदाच्या बाजूनं सांगतो.

पोरा, तू सगळ्यात आधी पानाचा आकार ठरव. हे कुणीच आधी करत नाही आणि शेवटी रडतात. तुला पुस्तिका पाहिजे म्हणजे ए फोर कागद मधोमध दुमडून होणारी, बरोबर? ए फोर म्हणजे 210 बाय 297 मिलीमीटर, दुमडला की ए फाइव्ह, 148 बाय 210. तू जर ए फोरवर 16 पॉइंटमध्ये टाइप केलंस आणि दुकानदारानं बुकलेट करताना दोन पानं एका कागदावर बसवली तर सगळं साधारण सत्तर टक्क्यांवर येतं, म्हणजे तुझं 16 चं अक्षर हातात 11 चं पडतं. मग म्हातारी माणसं तुझ्या नावानं बोटं मोडणार. म्हणून फाईलच ए फाइव्हची कर. डॉक्समध्ये तीन टिंबं, पेज सेटअप, पेपर साइज. वर्डमध्ये लेआउट, साइज. आणि काही फोनवर कागद मुळात लेटर नावाच्या अमेरिकन मापाचा निवडलेला असतो, तो आपल्याकडं दुकानात सहसा मिळत नाही, बघून घे. मग 16 किंवा 18 ठेव, समासाला आतल्या बाजूनं थोडी जास्त जागा सोड कारण मध्ये पिन मारल्यावर तिथं अक्षर दबतं.

पानांची संख्या चारच्या पटीत लागते, एका ए फोरवर पाठपोट चार पानं बसतात म्हणून. बावन्न झाली तर झकास, त्रेपन्न झाली की तीन पानं कोरी. त्या कोऱ्या पानांवर मंडळाच्या लोकांचे फोन नंबर टाक, वारीत चुकामूक झाली की उपयोगी.

आता अक्षराचं. तुझ्या फोनवर एक फॉन्ट, दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो नाही, मग तो स्वतःच्या मनानं दुसरा लावतो, बहुतेक मंगल. मंगलच्या ओळीची उंची जास्त असते म्हणून तेवढाच मजकूर जास्त पानं खातो. आणि प्रत्येक फॉन्टचा 16 पॉइंट सारखा दिसत नाही, कोकिळा नावाचा फॉन्ट 16 ला पण बारीक दिसतो. त्यामुळं दुकानात वर्डची फाईल कधी द्यायचीच नाही. पीडीएफ द्यायची. पीडीएफमध्ये अक्षरं आत बांधलेली असतात, दुकानात फॉन्ट असो नसो फरक पडत नाही. डॉक्समध्ये शेअर अँड एक्सपोर्टमध्ये सेव्ह ॲज पीडीएफ मिळतं.

दुकानदार म्हणाला परत टाइप करायला लागेल, त्याचं पण एक कारण असू शकतं. बऱ्याच जुन्या दुकानांत अजून पेजमेकर, म्हणजे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर, चालतं. पेजमेकरला युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला नंबर द्यायची पद्धत, कळत नाही, ते सॉफ्टवेअरच 2001 च्या आसपास थांबलं. तुझा मोबाईलचा मजकूर युनिकोड. त्याला तो तसा घेताच येत नाही, कन्व्हर्टर लावायला लागतो आणि जोडाक्षरं तपासत बसायला लागतं. पीडीएफ असली की हा प्रश्नच नाही, तो फक्त छापणार.

अजून एक, वर्डमध्ये देवनागरीला ते कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट म्हणतात आणि तिचा फॉन्ट, आकार, ठळकपणा इंग्रजीपेक्षा वेगळ्या खात्यात ठेवतात. म्हणून कधी कधी तू फॉन्ट बदलतोस आणि फक्त 1 2 3 चे इंग्रजी आकडे बदलतात, मराठी जसं होतं तसंच. बावचळून जाऊ नको. आकडे देवनागरीच टाइप कर, १ २ ३, म्हणजे सगळं एका फॉन्टमध्ये राहील. हे पण कारण आहे की मी तुला डॉक्सच सुचवीन.

रहिमतपूरचा_टाळकरी

काका, ताई, दोघांचे पाय धरतो. डॉक्सवर घेतलं सगळं, ए फाइव्ह केलं, सेंटर केलं, पेज ब्रेक टाकले. पीडीएफ काढून चुलत्यांना दाखवली तर चष्मा न लावता वाचली त्यांनी!

पण आता नवीन भानगड. अक्षर मोठं केल्यामुळं ओळ पुरत नाही आणि शेवटचं जे ॥१॥ आहे ते एकटंच खाली येऊन बसतं. कधी कधी तर एक दांडी वर आणि आकडा खाली. आणि माझ्या कीबोर्डवर दंड सापडत नव्हता म्हणून मी इंग्रजी उभी रेघ दोनदा मारली होती ती आता बारीक आणि उंच दिसते. सगळीकडं आहे ती.

वाईचा_मुद्रितशोधक

विश्वकोशाच्या गावचा माणूस आहे, दंडावरून भांडण असेल तर मला राहवत नाही.

ती उभी रेघ आणि दंड ही दोन वेगळी चिन्हं आहेत. इंग्रजी कीबोर्डावरची रेघ गणितात आणि कॉम्प्युटरच्या कामात वापरतात, तिची उंची देवनागरीच्या शिरोरेघेशी जुळत नाही. देवनागरीत एकेरी दंड । आणि दुहेरी दंड ॥ असे दोन स्वतंत्र आहेत, युनिकोडमध्येही दोघांना वेगळी जागा आहे. कीबोर्डवर पूर्णविरामाची कळ दाबून धरून किंवा चिन्हांच्या पानावर बघा, नाहीच सापडला तर मी आत्ता इथं जे लिहिलेत तेच कॉपी करून घ्या. मग फाइंड अँड रिप्लेस. पण क्रम पाळा, आधी दोन रेघा शोधून जागी दुहेरी दंड टाका, ते सगळं झाल्यावर उरलेल्या एकेरी रेघांच्या जागी एकेरी दंड. उलटं केलंत तर दुहेरीच्या जागी दोन एकेरी शेजारी शेजारी बसतील आणि त्यांच्यात फट दिसेल.

आकडा खाली का पडतो, तर ओळ कुठं तोडायची हे ॲप ठरवतं आणि दंड म्हणजे वाक्य संपलं, आता तोडायला हरकत नाही, असा त्याचा नियम. म्हणून ॥१॥ मधल्या पहिल्या दंडानंतर ते ओळ तोडू शकतं. तुम्ही दंडाच्या आधी स्पेस दिली असेल तर तिथंही तोडतं. उपाय दोन. ॥१॥ च्या आत अजिबात स्पेस ठेवू नका, आणि आधीच्या शब्दाला ते चिकटवूनच टाका, जागा सोडायचा मोह आवरा. तरी पडलं तर त्या ओळीपुरतं भांडत बसू नका, सगळ्या पुस्तिकेची ओळच छोटी करा.

म्हणजे एका ओळीत एकच चरण. छापील पुस्तकांत दोन चरण एका ओळीत टाकतात ते कागद वाचवायला. तुमचं पान अरुंद, अक्षर मोठं, आणि वाचणारा चालत असणार. चरण तिथं ओळ. पहिले तीन चरण तीन ओळींत आणि चौथ्याच्या शेवटी आकडा. ध्रुपदाच्या कडव्याला आकड्याऐवजी ॥ध्रु॥ लिहा, पानं वाढतील, वाढू द्या.

मजकुराबद्दलही बोलतो, कुणी विचारलं नसलं तरी. कीबोर्डचं ऑटोकरेक्ट बंद केलंय का? अभंगाची मराठी जुनी असते, जैसें तैसें असे अनुस्वार असतात, तुमचा कीबोर्ड ते शहाणपणानं आजच्या मराठीत आणून ठेवतो आणि मात्रा मोडते. सेटिंगमध्ये जाऊन बंदच करा. आवाजानं टाइप करत असाल तर हे संकट दुप्पट. आणि 'वारकऱ्यांची' मध्ये तो अर्धा र यायला हवा, त्यासाठी र ची कळ दाबून धरा, खाली टिंब असलेला ऱ येतो, मग हलन्त, मग य. साधा र घेतलात तर वारकर्यांची असं काहीतरी होतं, आणि ते मुखपृष्ठावर असलं की सगळ्या दिंडीला दिसतं.

पेटीवाला_किर्लोस्करवाडी

मुद्रितशोधकांचं एका ओळीत एक चरण हे शंभर टक्के. मी पेटी वाजवतो, एक डोळा पट्टीवर आणि एक वहीवर, दोन चरण एका ओळीत असले की चुकीच्या जागी उचलतो.

पण सेंटर करू नका हो अभंग! फक्त नाव सेंटर. ओळी डावीकडून. सेंटर केलं की प्रत्येक ओळ वेगळ्या जागी सुरू होते, ओळ संपवून डोळा परत आणताना सापडत नाही, रात्री बत्तीच्या उजेडात तर नाहीच. आणि ते दोन्ही कडा सरळ करायचं जस्टिफाय तर मुळीच नको, एखादी लांब ओळ दुमडली की तिच्या पहिल्या अर्ध्यात शब्दांमध्ये भोकं पडतात. दिसायला देखणं कशाला, गायला सोपं पाहिजे.

दुसरं असं की आमच्याकडं अर्धी मंडळी आता छापील घेतच नाहीत, मोबाईलवरच बघतात. तर अभंगाच्या नावाला नुसतं ठळक आणि मोठं करू नका, स्टाईलमध्ये जाऊन हेडिंग वन द्या. मग डॉक्सच्या ॲपमध्ये डॉक्युमेंट आउटलाइन उघडली की सगळ्या अभंगांची यादी येते, पाहिजे त्या नावावर बोट ठेवलं की तिथं. बुवांनी मध्येच भलताच अभंग उचलला (उचलतातच) तरी पखवाजाची पहिली थाप पडेपर्यंत सापडतो. विभागाला हेडिंग वन आणि अभंगाला हेडिंग टू असं केलंत तर अजून बरं, गौळणी वेगळ्या, भारुडं वेगळी.

कराडची_गुरुजीण

हेडिंगचं मीच सांगायला हवं होतं. त्याला जोडून, एक अभंग अगदी मनासारखा सजवून घ्या, नावाचं हेडिंग, ओळी, आकार, अंतर सगळं. मग तो अख्खा कॉपी करून खाली पेस्ट करा आणि त्यातला मजकूर बदलत जा. ॲपमध्ये प्रत्येक वेळी आकार निवडत बसण्यापेक्षा हे फार लवकर होतं. व्हॉट्सॲपचा मजकूर आणाल तेव्हा आधी त्याला क्लिअर फॉरमॅटिंग मारा, टेक्स्टच्या यादीत खाली आहे, नाहीतर तो आपला रंगढंग बरोबर घेऊन येतो.

अनुक्रमणिका मात्र शेवटी. सगळी पानं पक्की झाल्यावरच नंबर लिहा, आधी लिहिलीत आणि मध्ये एक आरती घुसली की सगळे नंबर पुढं. पानांचे नंबर अधिकच्या खुणेतून पेज नंबर घातले की आपोआप येतात. कुणाच्या कॉम्प्युटरवर अर्धा तास मिळाला तर तिथं टेबल ऑफ कंटेंट्स घाला, हेडिंग दिलेली असल्यामुळं ती यादी आपली आपण तयार होते.

पक्या_कोरेगाव

एवढं सगळं वाचून मला पण एक भजनी मंडळ काढावं वाटायला लागलंय

रहिमतपूरचा_टाळकरी

पक्या ये की, टाळ देतो हातात.

ओळी डावीकडं घेतल्या, दंड बदलले, हेडिंग दिली. मस्त दिसायलंय. दोन शंका राहिल्या. एक, मंडळाकडं दहाबारा वर्षांपूर्वी कुणीतरी छापून घेतलेल्या आरत्यांची फाईल सापडली, पण मोबाईलवर उघडली तर सगळं इंग्रजी अक्षरांचं खिचडा, ती वापरता येईल का? दोन, ल आणि श माझ्या वहीत आहेत तसे येत नाहीत, हिंदीसारखे येतात, आमच्या बुवांनी पीडीएफ बघून पहिला प्रश्न तोच केला.

डीटीपीकाका_सांगली

ती फाईल जुन्या फॉन्टमधली, श्रीलिपी किंवा कृतिदेव किंवा शिवाजी असं काहीतरी. तेव्हा युनिकोडचा वापर आपल्या दुकानांत नव्हता, फॉन्टवाल्यांनी इंग्रजी अक्षरांच्या खणांत मराठी तुकडे बसवले, एका खणात अर्धा क, एकात काना. त्यांचा फॉन्ट असेल तर मराठी दिसतं, नसेल तर खालचं इंग्रजी उघडं पडतं. मजकूर गेलेला नाही. नेटवर त्या त्या फॉन्टचे युनिकोड कन्व्हर्टर फुकट मिळतात, पण आधी फॉन्ट कुठला ते कळलं पाहिजे, फाईलमध्ये मजकुरावर बोट ठेवलं की फॉन्टच्या जागी नाव दिसेल. चुकीचा कन्व्हर्टर लावलास तर खिचडीची बिर्याणी होईल. आणि बदलून झाल्यावर वेलांटी, रफार, अर्धी अक्षरं डोळ्यात तेल घालून बघ. आरत्या तोंडपाठच असतात म्हणा, मी असतो तर नवीनच टाइप केल्या असत्या.

ल आणि श चं तुझ्या बुवांचं बरोबर आहे. युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल चा नंबर एकच, आकार कुठला दाखवायचा ते फॉन्टच्या हातात. काही फॉन्टमध्ये दोन्ही असतात पण भाषा मराठी आहे असं ॲपनं सांगितलं तरच मराठी आकार बाहेर येतो. त्या फंदात पडण्यापेक्षा असा फॉन्ट घे ज्यात मूळ आकारच मराठी आहे. तिरो देवनागरी मराठी नावाचा गूगलवर फुकट आहे, त्याचेच हिंदी आणि संस्कृत असे वेगळे भाऊ आहेत, नाव बघून घे. पुस्तकी वळणाचा आहे, अभंगाला शोभतो. तुझ्या ॲपच्या यादीत नसला तर कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर तुझी फाईल उघड, फॉन्टच्या यादीत वर 'मोर फॉन्ट्स' आहे तिथून जोड आणि तिथंच सगळा मजकूर सिलेक्ट करून लावून टाक. त्याच वेळी बाईंनी सांगितलेली अनुक्रमणिका पण उरकून घे, एकाच खेपेत.

वाईचा_मुद्रितशोधक

फॉन्ट बदलल्यावर पानं पुन्हा वरून खालपर्यंत बघा. ओळींच्या उंच्या बदलतात, शेवटचं कडवं पुढच्या पानावर जातं. आणि छापायच्या आधी पीडीएफ दुसऱ्या कुणाला तरी वाचायला द्या, ज्यानं टाइप केलंय त्याला स्वतःच्या चुका दिसत नाहीत, तोंडपाठ असणाऱ्याला तर त्याहून नाहीत. अभंग माहीत नसलेला माणूस बघा.

पक्या_कोरेगाव

म्हणजे मी 😄 पाठव

पेटीवाला_किर्लोस्करवाडी

छापायचं एक राहिलं. पाऊस. आषाढीत पुस्तिका भिजणारच, धोतराला खोचलेली असते. दुकानात विचारून घ्या, इंकजेटवर काढू नका, बऱ्याच इंकजेटची शाई पाण्यानं पसरते आणि अख्खी आरती जांभळी होते. लेझर प्रिंट घ्या किंवा झेरॉक्स, ती पावडर कागदावर उष्णतेनं भाजून बसवलेली असते, पाण्यानं हलत नाही. कागद 70 चा न घेता 80 जीएसएमचा (कागदाच्या वजनाचं माप) घ्या, पाठपोट छापल्यावर मागचं पुढं दिसत नाही. लॅमिनेशन फक्त मुखपृष्ठाला.

रहिमतपूरचा_टाळकरी

लेझरचं विचारलं, दुकानदार म्हणतोय पाठपोट बुकलेट करायला त्याच्या मशीनला ऑप्शन आहे पण पानं कशी लावायची ते त्याला माहीत नाही, मी पानं उलटसुलट क्रमानं लावून आणायची का?

डीटीपीकाका_सांगली

नको नको, तू काही लावू नको, पीडीएफ सरळ एक दोन तीन अशीच दे. ॲडोबी रीडरमध्ये प्रिंट दाबल्यावर बुकलेट असं बटण येतं, ते दाबलं की पहिलं आणि शेवटचं पान शेजारी तेच लावतं. खाली बोथ साइड्स निवडायला सांग, आणि कागद शॉर्ट एजवर, म्हणजे आखूड कडेवर, उलटायचा, नाहीतर मागची पानं उलटी छापतात. आधी एकच प्रत काढून दुमडून बघ, मग बाकीच्या सोड.

रहिमतपूरचा_टाळकरी

शॉर्ट एज, लिहून घेतलं. उद्या जातो.